राणी नसलेले पत्ते

मैत्रिणींनो, पत्त्यांच्या कॅटमधलं सगळ्यात दुर्लक्षित पान कोणतं, सांगा बघू? जोकर! झब्बू असो, बदामसात असो, नाहीतर पाच-तीन-दोन, डाव मांडला की आधी त्याची रवानगी डब्यात. त्याची आठवण होते ती एखादं पान हरवल्यावर. इस्पिकची सत्ती सापडत नाही? मग काढा जोकर, लिहा त्याच्यावर बॉलपेननं 'इस्पिक ७' आणि बसवा कामाला. जो गैरहजर असेल, त्याच्या जागी उभं राहायचं. (हे वाचून कोणाकोणाला घरातली स्वतःचीच जागा आठवली, ते मी विचारत नाही!)

पण या बिचाऱ्या जोकरावर जीव टाकणारी माणसं जगात आहेत. ती सबंध कॅट जमवतच नाहीत, फक्त जोकर जमवतात. सायकलवरचा जोकर, झोपलेला जोकर, आरशात बघून स्वतःलाच हसणारा जोकर. काहींना गमतीच्या चित्रांचे अख्खे कॅट जमवायचा नाद असतो. राजाच्या जागी ढेरपोट्या पोलीस, राणीच्या जागी चष्मा लावून पेपर वाचणारी आजी, गुलामाच्या जागी चहा आणणारा पोऱ्या! इंग्लंडात तर पत्त्यांचे जमवणारे आणि अभ्यासक यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ सालापासून आहे. आपण रद्दीत टाकतो त्या पानांवर तिथं लेख लिहिले जातात.

एक्क्यात लपलेलं नाक

या गमतीच्या पत्त्यांचा एक प्रकार फार मजेदार आहे. पानावरचे बदाम, चौकट, किलवर, इस्पिक जिथल्या तिथं ठेवायचे, पण त्यांच्याभोवती असं चित्र काढायचं, की बदामाचा झाला चेहरा, किलवरचं झालं झाड, इस्पिकची झाली टोपी. युरोपात दोनशे वर्षांपूर्वी या प्रकारानं धमाल उडवली होती. १८०५ साली जर्मनीत कोट्टा नावाच्या प्रकाशकानं असा सबंध कॅटच छापून विकला. घरोघरच्या मुली, बायका फावल्या वेळात साध्या पत्त्यांवर शाईनं अशी चित्रं काढत बसायच्या. आपण नाही का पेपरातल्या फोटोंना मिश्या काढत? तोच उद्योग, फक्त जरा मन लावून!

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण हवं तर एअर इंडियाचा महाराजा आठवा. भलीमोठी मिशी, पट्ट्यापट्ट्यांचा फेटा आणि कमरेत वाकून केलेला नमस्कार. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव या दोघांनी मुंबईत त्याला जन्म दिला. पुढं पोस्टरांपासून पत्त्यांपर्यंत तो सगळीकडे मिरवला. विमानात बसलेल्या एखाद्या नातेवाइकानं आणलेला तो कॅट कोणाच्या घरात अजून असेल, तर जपून ठेवा बरं. जमवणारे अशा कॅटच्या शोधातच असतात.

पण आपल्याकडच्या गमतीच्या पत्त्यांची गोष्ट महाराजापासून सुरू होत नाही. त्यासाठी आणखी चारशे-साडेचारशे वर्षं मागं जावं लागतं.

बादशहाच्या डावातले दारुडे

आपला आजचा बावन्न पानी कॅट साहेबाच्या देशातून आला. त्याच्या आधी इथं खेळला जायचा तो गंजिफा. गोल पानांचा, हातानं रंगवलेला. हा खेळही मूळचा इराणकडचा. १५२७ साली बाबरानं सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगलांच्या डावात आठ गट आणि प्रत्येक गटात बारा पानं, म्हणजे सगळी मिळून शहाण्णव. ताज, शमशेर, गुलाम, चंग अशी त्या गटांची नावं. ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, चंग हे वाद्य. आणि 'गुलाम' आपल्या ओळखीचाच, नाही का?

अकबराचा दरबारी अबुल फजल यानं 'ऐने अकबरी'त बादशहाच्या पत्त्यांचं वर्णन केलंय. राज्यकारभाराच्या त्या जाडजूड ग्रंथात तो गुलामांच्या गटातली चित्रं सांगतो. राजा हत्तीवर, वजीर गाडीत आणि बाकीच्या पानांवर नोकर. कोणी बसलेत, कोणी जमिनीवर लोटांगण घालतायत, कोणी दारू पिऊन तर्र आणि कोणी शुद्धीवर! चित्रकाराला बादशहाच्या डावातही थट्टा सुचली आणि बादशहानं ती चालवून घेतली. सोळाव्या शतकातले हे गमतीचे पत्तेच म्हणायचे.

याच ग्रंथात एका जुन्या बारा गटांच्या डावाचीही माहिती आहे. त्यात एक गट घोडदळवाल्या राजाचा, एक हत्तीवाल्या राजाचा, एक पायदळवाल्या राजाचा. आणि पायदळवाला राजा कोणासारखा? तर विजापूरच्या राजांसारखा, असं अबुल फजल सांगतो. म्हणजे आपलं दख्खनही त्या डावात होतं. याच बारांतला एक गट चक्क बायकांचा! सिंहासनावर राणी, तिची वजीरही बाईच.

पण हा गट मागं पडला. पुढं महाराष्ट्रात जो गंजिफा रुळला, त्यात राजा आहे, प्रधान आहे, एक्क्यापासून दश्शीपर्यंत सगळं आहे. राणी मात्र नाही.

दहा अवतार, एकशेवीस पानं

बाहेरून आलेला खेळ आपल्या माणसांनी कसा आपलासा केला, ते बघण्यासारखं आहे. मोगलांचे आठ गट काढले आणि तिथं विष्णूचे दहा अवतार आणून बसवले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. दहा गुणिले बारा, एकशेवीस पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. सत्तीला सात मासे, दश्शीला दहा. प्रत्येक अवताराचा रंग वेगळा. खेळता खेळता देवाचं नावही तोंडात येतं, अशी त्यामागं श्रद्धा.

खेळायला तिघंच लागतात. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पानं. चाळीस गोल पानं हातात धरून दाखवा बरं! हुकूम नाही. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे राम असेल त्याची उतारी पहिली, रात्री मांडला तर कृष्णवाल्याची. आणि खरी मेख पुढं आहे. पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान. परशुरामापासून पुढच्या पाचांत अगदी उलट. तिथं एक्का मोठा आणि दश्शीला कोणी विचारत नाही. कोणतं पान पडलं, कोणतं अजून बाहेर आहे, हे सगळं डोक्यात ठेवायचं. वाणसामानाची यादी, दुधाचा हिशेब आणि दोन मुलांच्या परीक्षांचं वेळापत्रक एकाच वेळी तोंडपाठ असणाऱ्या बाईला हा खेळ छान जमेल, असं मला आपलं वाटतं.

आणि मराठवाड्यातल्या वाचकांनो, यात आपला वाटा काय, असं विचारू नका. आजचं छत्रपती संभाजीनगर म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद. तिथले ज्योतिषी पंडित हरिकृष्ण शर्मा यांनी १८७१च्या सुमारास 'बृहज्ज्योतिषार्णव' हा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातलं 'क्रीडाकौशल्य' हे प्रकरण खेळांवर आहे. बुद्धिबळासारख्या पट मांडून खेळायच्या खेळांबरोबर त्यात गंजिफाही येतो. आपल्या गावातल्या एका शास्त्रीबुवांना खेळ ही ग्रंथात लिहून ठेवण्याची गोष्ट वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं. शिवाय नांदेडच्या पलीकडचं निर्मल, आज तेलंगणात असलं तरी तेव्हा आपल्यासारखंच निजामाच्या राज्यात होतं. तिथंही हे पत्ते बनायचे.

वाडीची राणी

देशात इतर ठिकाणीही गंजिफा रंगत होता. बंगालमध्ये विष्णुपूरला, ओडिशात आणि म्हैसूरला. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वाडियार (१७९४-१८६८) तर एवढे शौकीन, की त्यांनी अठरा गट आणि तीनशे साठ पानांपर्यंतचे डाव रचले. महाराष्ट्रात या कलेचं माहेर म्हणजे सावंतवाडी. लाकडी खेळण्यांची, रंगीत लाकडी फळांची सावंतवाडी. तिथल्या चितारी मंडळींच्या हातात ही कला पिढ्यान्‌पिढ्या होती.

मग छापील बावन्न पानी कॅट आला. स्वस्त, हलका, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा. हातानं रंगवलेली एकशेवीस पानं कोण घेणार? हळूहळू मागणी आटली, चितारी खेळण्यांकडे वळले. विसाव्या शतकाच्या मध्यावर सावंतवाडीत गंजिफा करणारे पुंडलिक चितारी यांच्यासारखे एखाददुसरे वयोवृद्ध कारागीरच उरले होते. ते गेले असते, तर कलाही गेली असती. पुस्तकात वाचून हा हात येत नाही.

आणि इथं राणी येते. पत्त्यातली नव्हे, खरीखुरी!

राणी सत्त्वशीलादेवी भोसले. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातली लेक, सावंतवाडीच्या भोसले घराण्यात सून म्हणून आली. त्यांनी आणि राजे शिवरामराजे भोसले यांनी ठरवलं, की ही कला जाऊ द्यायची नाही. पण ठरवलं म्हणजे काय केलं? भाषण दिलं नाही, की कोणाला बक्षीस देऊन मोकळे झाले नाहीत. पुंडलिक चितारींकडून कला शिकून घेतली. राजवाड्यातली माणसं कारागिरापुढं विद्यार्थी होऊन बसली. चिंचोक्याची खळ कशी करायची, थर कसे चिकटवायचे, पान घोटून गुळगुळीत कसं करायचं, रंग कसे भरायचे, वरून लाखेचा हात कसा द्यायचा. सत्तरच्या दशकात राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स'चं काम उभं राहिलं. दरबार हॉलमध्ये कारागीर बसू लागले, त्यात स्त्रियाही. जिथं कधी काळी मानकरी बसायचे, तिथं बायका मांडीवर पाट घेऊन मासे आणि कासवं रंगवू लागल्या.

शिवरामराजे १९९५ साली गेले. सत्त्वशीलादेवी पुढंही हे काम बघत राहिल्या. २०१८ साली त्याही गेल्या. काम मात्र थांबलं नाही. घराण्यातल्या पुढच्या पिढीनं ते हाती घेतलं. आजही सावंतवाडीला गेलात, मोती तलावाकाठच्या राजवाड्यात डोकावलात, तर ब्रश चालताना दिसतो.

ज्या डावात राणीला पानच नाही, तो डाव एका राणीनं वाचवला. आहे की नाही गंमत?

'कसला पसारा जमवलाय!'

याच काळात मुंबईत एक जर्मन गृहस्थ भारतीय पत्ते जमवत होते. रुडॉल्फ फॉन लायडन त्यांचं नाव. कलासमीक्षक होते, व्यंगचित्रंही काढायचे. गावोगावचे गंजिफा गोळा करून, खेळणाऱ्यांना नियम विचारून त्यांनी सगळं नीट लिहून ठेवलं. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं त्यांचं गंजिफावरचं पुस्तक काढलं. आज या पत्त्यांची जी माहिती आपल्याला मिळते, त्यातली बरीचशी त्यांच्या चिकाटीमुळं.

पुण्यातही असंच एक उदाहरण आहे, आणि ते एका जोडप्याचं आहे. दिनकर केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई. दिवे, अडकित्ते, भांडी, बाहुल्या, सोंगट्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. पुढं तो सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला. जुन्या खेळांमध्ये गंजिफाही तिथं बघायला मिळतो.

हे सांगायचं कारण एवढंच, की जमवणं हे रिकामपणाचं काम नाही. पण बाईनं काही जमवलं की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, 'कसला पसारा जमवलाय!' पुरुषानं नाणी, तिकिटं जमवली तर तो छंद. बाईनं जुनी पानं, पत्रिका, चित्रं जपली तर तो कचरा. दिवाळीची साफसफाई आली की पहिली गदा त्याच्यावर. किती घरांतून सासूबाईंच्या पेटीतल्या सोंगट्या, कवड्या, गोल पानं अशीच भंगारात गेली असतील! कदाचित त्यातच एखादा परशुरामाचा राजाही असेल.

आणखी एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. पत्ते म्हटले, की कितीतरी बायकांच्या कपाळाला आठी पडते, आणि त्यांची चूक नाही. पाराखाली, क्लबात, आणि गेल्या काही वर्षांत मोबाईलवर पैसे लावून खेळणाऱ्यांनी संसार धुळीला मिळवलेत. २०२५ साली केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो उगीच नाही. ज्या घरात पगार डावावर गेलाय, तिथल्या बाईला 'पत्ते जमव' म्हणून कसं सांगणार?

तरी मला वाटतं, जुगार हा पैशाचा असतो, पानाचा नसतो. पान हे चित्र आहे. त्यावर त्या काळची माणसं, कपडे, दागिने, देव, थट्टा सगळं आहे. पैसा बाजूला काढला, की तेच पान घरातल्या चौघांना एका सतरंजीवर बसवतं. उन्हाळ्याच्या सुटीत, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन असताना, मामाच्या घरी पडदे ओढून मांडलेला मेंढीकोट आठवा. तिथं कोण हरलं ते कोणाला आठवत नाही. कोणी पान लपवलं होतं, ते मात्र सगळ्यांना आठवतं!

तुमच्यापासून सुरुवात

सावंतवाडीचा हातानं रंगवलेला संच घ्यायचा तर जरा पैसे साठवावे लागतील. कष्टाचं मोल आहे ते. पण सुरुवातीला एवढं तर करता येईल.

घरातले अर्धवट कॅट फेकण्याआधी त्यातले जोकर आणि इस्पिकचे एक्के काढून ठेवा. सगळ्यात वेगवेगळी नक्षी याच पानांवर असते. जाहिरातींचे, कंपन्यांनी वाटलेले, विमानात मिळालेले कॅट असतील तर डबीसकट ठेवा. जुन्या कॅटला डबीमुळेच ओळख असते.

प्रत्येक कॅटसोबत चिठ्ठी ठेवा. कोणाचा, कुठून आला, साधारण कोणत्या साली. चिठ्ठी नसलेली वस्तू पुढच्या पिढीला मुकीच वाटते.

पानांना रबरबँड लावू नका, उन्हाळ्यात ते वितळून चिकटतं. हातानं रंगवलेली पानं ओल्या फडक्यानं पुसू नका. मऊ सुती कापडात गुंडाळून, ऊन आणि ओल लागणार नाही अशा डब्यात ठेवा.

घरात गोल पानं सापडली तर विकायची घाई नको. आधी फोटो काढा, पानं मोजा. शहाण्णव असतील तर मोगल घाटाची, एकशेवीस असतील तर दशावतारी असण्याची शक्यता मोठी.

आणि शेवटचं, माझ्या सगळ्यात आवडीचं. या सुटीत पोरांना घेऊन घरचाच गमतीचा कॅट करा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, चिंचोक्याची नाहीतर साधी मैद्याची खळ, वाटी उलटी ठेवून काढलेले गोल आणि रंगपेटी. अवतारांच्या जागी घरातलीच माणसं घ्या. घोरणाऱ्या काकांचा एक गट, सतत चष्मा शोधणाऱ्या आजोबांचा एक, लोणच्याच्या बरण्यांवर पहारा देणाऱ्या आजीचा एक. सत्तीला सात चष्मे, दश्शीला दहा बरण्या! पन्नास वर्षांनी तुमच्या नातीच्या हातात तो डबा पडेल, तेव्हा कोण कसं होतं हे तिला फोटोंपेक्षा या पानांतून जास्त कळेल.

फक्त एक करा. राजा आणि प्रधान काढून झाले, की थांबू नका. राणीचंही पान काढा. आणि तिचा चेहरा कोणाचा काढायचा, ते काय आता मी सांगायला हवं?